न्हाणीतल्या नळाचं चामडं

भिजलेल्या चामड्याचा वास आला की कुणाला चपला आठवतील, मला आमच्या सासूबाई आठवतात!

चाळीस सालच्या सुमाराची गोष्ट. म्हसावदच्या आमच्या घरी न्हाणीतला पितळी नळ सारखा गळायला लागला. यजमानांनी पान्याने तो उघडला आणि आतून एक काळी, बुळबुळीत चकती काढून तळहातावर घेतली.

"हाई काय शे?" सोवळ्यातल्या सासूबाईंनी विचारलं.

"चामडं शे, माय."

पूजेचा तांब्या त्यांच्या हातून खणकन पडला. "म्हनजे सा वरीस मी देवले चामडानं पानी घालं?"

आता हा नळ बंद होणार! मला सातवा महिना, आणि नळ गेला की विहिरीवरून हंडे मलाच वाहायचे होते.

"इना बगर नळ चाली का?" सासूबाईंनी मुलाला विचारलं.

"नही. उलटी करीसन बसाडी त गळनं थांबी," यजमानांनी चकती पालथी करून दाखवली.

सासूबाई माझ्या पोटाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ती चकती स्वतःच्या हाताने उचलली. हो, सोवळ्यात! आज मीही सासू आहे, पण एवढी छाती माझी नाही.

चकती मुलाच्या हातात देत त्या म्हणाल्या, "बसाड. देवले मी सांगसू. तू गावले सांगू नको."