फुगडी चालते, धावणं नाही

आमच्या थोरल्या वहिनीइतकी स्वस्थ न बसणारी बाई पेडणे तालुक्यात दुसरी झाली नाही. बसची वाट पाहत उभं राहणं तिला अपमान वाटे. ती पुढच्या थांब्याकडे चालू लागायची, आणि पणजीची बस मागून येऊन हॉर्न वाजवू लागली की हात हलवून बसलाच पुढे धाडायची. पहाटे ती बूट घालून धावे, शाळेत मुलींना खेळ शिकवी, घरी आम्हाला. आमटी ढवळताना टाचा वर-खाली, आणि दोन हातांत सोललेले नारळ घेऊन व्यायाम. चतुर्थीच्या खतखत्याच्या भाजीत पडणारा प्रत्येक नारळ आधी कसून तयार झालेला असे. “भावजी, पोट आत घ्या,” हे ती मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगे.

ह्याच वहिनीचं पहिलं मूल तिसऱ्या महिन्यात पोटातच गेलं आणि सगळा वाडा एकदम डॉक्टर झाला. धावली म्हणून गेलं, हा निकाल दिला आमच्या आयनं. मी पोटात असताना डोक्यावर एक आणि कमरेवर एक कळशी घेऊन चढ चढणाऱ्या, आणि त्या चतुर्थीला फुगडीत आपल्याला कोणी हरवलं नाही असं अभिमानानं सांगणाऱ्या आयनं! कळशी चालते, फुगडी चालते, वाकून भात लावणं चालतं. बाईनं पायात बूट घातले की मात्र गर्भाला धोका. हा कुठला न्याय?

म्हापशाच्या डॉक्टरीणबाईंनी वहिनीला, दादाला आणि मला समोर बसवून सांगितलं होतं: गर्भच मुळात नीट वाढत नव्हता, धावण्याचा काही संबंध नाही. वहिनीनं ते जेवताना आयला सांगितलं. आयनं आम्हाला विचारलं, खरं काय? दादानं मान खाली घालून आमटीत पाव बुडवला. मी पाण्याचा तांब्या शोधू लागलो.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंना विचारून वहिनी नऊही महिने हळर्णच्या रस्त्यानं चालली. ठणठणीत मुलगा झाला. श्रेय आयनं नवसाला दिलं, आणि पहिल्याचा दोष शेवटपर्यंत वहिनीच्या बुटांना.

आता त्या मुलाची बायको गरोदर आहे. परवा संध्याकाळी सासू-सून फिरायला निघाल्या, तर शेजारीण सोप्यावरून म्हणाली, “गो बाय, पोटुशेन इतक्या चलाक नये. सासूचा काय झाला, ठावक मा?”

मी बाहेर आलो आणि डॉक्टरीणबाई जे बोलल्या होत्या ते सगळं, शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोललो. शेजारीण आत गेली. वहिनी मात्र जागच्या जागी थांबली. तिला असं थांबलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

“ह्या तेव्हा आयेक सांगूक होया होता, भावजी,” ती हळूच म्हणाली.

मग सुनेचा हात धरून ती चालू लागली. मी पोट आत घेतलं आणि त्यांच्या मागून निघालो.