घोडीच्या नावावरचा चष्मा

वरातीची घोडी चहा पिते का? आमची प्यायची. निदान आमचं कॉम्प्युटर तरी तसं सांगायचं.

शिरूर कासारला आमचा लग्नाचा धंदा. मंडप, बँड, लायटिंग आणि एक पांढरी घोडी. ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडं परतल्या की लग्नांचा धडाका लागायचा, पैसाही यायचा; पण तो कशातून येतो आणि कुठं जिरतो हे माझ्या वडिलांना, म्हणजे आण्णांना, कधी उमगलं नाही. म्हणून बीकॉम झाल्या झाल्या मी हिशोबाचं सॉफ्टवेअर आणलं. त्यात एक झकास सोय होती. खर्च लिहिला की ते विचारायचं, हा कोणाचा? यादीतून नाव निवडायचं, म्हणजे कोण किती खातं ते कळतं. मी चार नावं घातली.

"घोडी वर घाल," आण्णा म्हणाले. "तिच्या पायगुणानं धंदा उभा ऱ्हायला."

घातली. टेम्पोचं डिझेल सगळ्यांत कसं वाटून टाकायचं तेही शिकवलं. आण्णांनी मान डोलावली आणि नोंदींचं काम स्वतःकडं घेतलं. बटणं दाबायची त्यांना भारी हौस.

हंगाम सरला तसा मी अहवाल काढला. मंडप फायद्यात, बँड फायद्यात, लायटिंग तर सोनं. आणि घोडी सगळ्यांचं मिळून खाऊन बसलेली.

"खायला काळ आन् भुईला भार!" आण्णा कडाडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी घोडी बघायला नेकनूरचं गिऱ्हाईक बोलावलं सुद्धा.

लहानपणापासून माझ्या हातचा गूळ खाल्लेली घोडी ती. ती गेली तर हे कॉम्प्युटर नदीत फेकीन, मी म्हणाले, पाणी असो नसो.

माय शेंगा फोडत बसली होती. "आसं काय खाल्लं तिनं? वाच की गं."

मी वाचायला लागले. कडबा, हरभरा, नाल. इथवर ठीक. मग चहा. पुन्हा चहा. पान. दाढी-कटिंग.

"घोडीनं दाढी केली?" माय म्हणाली.

पुढं एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा हार आणि फेटा. त्याखाली चष्मा, फ्रेमसकट.

माय उठली आणि गोठ्यात डोकावून आली. "घातलेला तर दिसत न्हाई."

आण्णा गुपचूप आपला चष्मा पुसू लागले. ज्या खर्चाला धनी सापडला नाही, तिथं ते यादी न बघता एंटर दाबत गेले होते, आणि सगळ्यात वर घोडी!

"तुमचं येगळं नाव करू," मी म्हणाले.

"कावून? मी काय धंदा हाय?"

मग त्यांचा खर्च मंडपावर टाकायचं ठरलं. मंडप बघणारा माझा काका म्हणाला, "दादाचा चहा आमच्यावर न्हाई." बँडमास्तरला विचारलं, तर तो क्लॅरिनेट पुसत बसला. जन्मभर सगळ्यांना चहा पाजणारे आण्णा अगदी हिरमुसले. मला त्यांची कीव आली आणि हसूही आवरेना.

तेवढ्यात मोटारसायकलवरून गिऱ्हाईक आलं. त्यानं घोडीचे दात बघितले, पाठीवर थाप मारली आणि भाव सांगितला. भाव खरंच चांगला होता. आम्ही सगळे आण्णांच्या तोंडाकडं बघत राहिलो. आण्णांनी गुळगुळीत हनुवटी खाजवली.

"इकायची न्हाई."

"कावून, दादा?" काका ओरडला. "एवढा भाव देतोय की!"

"आन् हिला इकल्यावर माझा खर्च टाकायचा कुठं, बे?"

मी गोठ्यात पळाले, घोडीच्या मानेला मिठी मारली आणि मनसोक्त रडले.

गिऱ्हाईकाला चहा पाजून वाटेला लावलं. तो चहा आण्णांनी लगेच घोडीच्या नावावर लिहिला. या वेळी यादी नीट बघून.