काहूनचं पुस्तक आणि त्याचे पुढचे भाग

आवडत्या पुस्तकाचा पुढचा भाग आला की तुम्ही काय करता? वाचता, की पहिला बिघडेल या भीतीनं कपाटात उभा करून ठेवता? मी न वाचणाऱ्यांतली. ज्या बाईशी मी हा वाद वर्षानुवर्षं घातला ती माझी सुमनआत्या गेल्या महिन्यात गेली. सकाळी बाबांचा फोन आला. "सुमी गेली," एवढंच म्हणाले. जन्मभर मोर्चांची पत्रकं लिहिणारा माणूस, त्या दिवशी त्याला तिसरा शब्द सापडला नाही...

आत्या इंझोरीला राहायची. शाळेतून निवृत्त झाली तरी रविवारी दुपारी गावातली पोरं तिच्या ओसरीवर जमायची आणि ती मोठ्यानं वाचून दाखवायची. सगळ्यांचं लाडकं पुस्तक एकच. एक शहर असतं, तिथे 'का' हा शब्द उच्चारायला बंदी. जो विचारेल त्याला वेशीबाहेर काढतात. शेवटी एक मुलगी भर चौकात 'का?' म्हणते, वेशीचं फाटक उघडतं, ती बाहेर पाऊल टाकते आणि पुस्तक संपतं. आत्यानं ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही त्या पोरांतच बसले होते. मध्येच मागून कुणीतरी ओरडलं, "म्याडम, आपल्याले तं ते पकडूच शकत नाही! आपन 'का' कुठं म्हनतो? आपन 'काहून' म्हनतो!" आत्या इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. मग तिनं पेन्सिल घेतली आणि त्या मुलीच्या तोंडचा 'का' खोडून वर 'काहून' लिहिलं. तेव्हापासून गावात ते काहूनचं पुस्तक.

मी अक्षरं गिरवली ती बाबांच्या पत्रकांवर. मला गोष्ट तिथेच संपायला हवी होती, फाटक उघडं ठेवून. पुढचे दोन भाग निघाले तेव्हा मी तावातावानं आत्याला म्हणाले, "हा निव्वळ धंदा आहे. मुलांच्या हातात ठिणगी दिली होती, आता तिच्यावर दुकान मांडलंय."

आत्या मेथी निवडत होती. "झालं भाषन? मंग ह्या काड्या टाकून ये." मी टाकून आले तेव्हा ती म्हणाली, "तू पत्रकं वाचून मोठी झाली, बाप्पा. पत्रकाले दुसरा भाग नसते. मानसाले असते. ते पोट्टी बाहीर पडली, मंग जेवली कुठं, झोपली कुठं, हे कोन पाहीन?"

आत्या स्वतः एकदा अशीच दार उघडून निघाली होती. नवऱ्याचा मार खाऊन खाऊन एका सकाळी लोखंडी पेटी उचलली आणि सासरचा उंबरठा ओलांडला. बाबा ही गोष्ट सभांमध्ये अभिमानानं सांगत. त्यांची गोष्ट उंबरठ्यावर संपायची, टाळ्या पडायच्या. पुढचं कुणी विचारलं नाही. भाड्याची खोली, रात्री अभ्यास, तापात स्वतःच उठून मांडलेला चहा, एकटीनं काढलेले सण... हे सगळं म्हणजे आत्याचा दुसरा भाग होता, आणि तो वाचायला कुणी थांबलं नव्हतं. मीही नाही.

पुस्तकाच्या दुसऱ्या भागाला मात्र तिनं सूट दिली नाही. "पानचट आहे," ती म्हणाली. "लेखक थकून राह्यला इथं. पन पोट्टी नाही थकली." तिसरा भाग तिनं आजारपणात वाचायला घेतला. पोरं खाटेभोवती बसायची. शेवट जवळ आला होता, आणि तिचा आवाजच गेला.

आत्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतरच्या रविवारी मी तिच्या घरी आवराआवर करत होते. पोरं नेहमीसारखी ओसरीवर येऊन बसली. त्यांतली एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "ताई, ते पोट्टी वापस आली काय? म्याडमनं सांगतलं होतं, रविवारी वाचू."

"मी पुढचे भाग वाचत नाही," मी म्हणाले.

"काहून?"

माझ्याजवळ या प्रश्नावर अख्खं भाषण तयार होतं. ते तसंच ठेवून मी आत गेले आणि आत्याच्या उशाजवळचं तिसऱ्या भागाचं पुस्तक घेऊन आले. खूण म्हणून सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, बियांचं रिकामं पाकीट घातलेलं होतं. तिच्या परसात तो सांबार तेव्हा हातभर वाढला होता. मी वाचू लागले. खरं सांगते, भाषा सैल आहे, दोन प्रसंग उगाच ताणलेत. तरी ती मुलगी, आता केस पिकलेली, आपल्याच शहराच्या फाटकाशी परत येऊन उभी राहते, तेव्हा ते वाक्य मी दोनदा वाचलं. पाकिटाच्या अलीकडे तिच्या प्रत्येक 'का'वर पेन्सिलीची दुरुस्ती होती. पलीकडे नव्हती. फाटक बंद असतं, ती पहारेकऱ्याकडे पाहते आणि मी छापलं होतं तसं वाचलं, "का?"

"काहून!" सगळी ओसरी ओरडली.

आत्याची पेन्सिल खिडकीत होती. मी ती घेतली आणि खोडलं.

ते पाकीट अजून त्याच पानात आहे. तुम्हाला एक विनंती. कपाटात उभा राहिलेला तो पुढचा भाग या रविवारी काढा आणि एखाद्या मुलासमोर मोठ्यानं वाचा. आवडला नाही तर तसं सांगा. पण तुमच्या ओळखीत दार उघडून बाहेर पडलेली एखादी बाई असेल, तर आधी तिच्याकडे जा, आणि विचारा... मंग पुढे काय झालं?