दोन डाव्या बाजू

लोकरकाकूंना पाहिलं की वाटायचं, ही बाई सुया हातात घेऊनच जन्माला आली असणार. भाजीच्या पिशवीत सुया, दवाखान्याच्या बाकावर सुया, आणि टीव्हीवर कुणी धाय मोकलून रडत असलं तरी काकूंच्या सुया आपल्या चालूच. घरात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला त्यांच्या हातचं पिवळं स्वेटर मिळालंच पाहिजे, हा नियमही त्यांनीच केलेला. बाळाला विचारायची पद्धत नव्हती.

पुतणीचे दिवस भरत आले आणि काकू माळ्यावरची लोकर काढायला स्टुलावर चढल्या. पडल्या. डावं मनगट मोडलं. डॉक्टरांनी प्लॅस्टर घातलं आणि बाळ येईपर्यंत काही हा हात मोकळा होत नाही, असं सांगून टाकलं. प्लॅस्टर घट्ट झालंय, रुततंय, झोप नाही, हे काकू येईल त्याला ऐकवत होत्या. पण खरा घोर वेगळाच होता. बाळ स्वेटराशिवाय घरी येणार!

उपाय एकच होता आणि तो काकूंच्या घशाखाली उतरत नव्हता. खालच्या मजल्यावर धाकटी जाऊ राहायची, म्हणजे होणाऱ्या बाळाची सख्खी आजी. तिला उलट-सुलट टाके यायचे, त्यापुढे सगळा आनंद. शेजारी बसवून शिकवावं, तर जावा जावा उभा दावा. मागे एकदा बसवली होती, तेव्हा दोघी आठवडाभर एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. म्हणून काकूंनी ठरवलं, सगळं कागदावर लिहून द्यायचं. त्यात काय मोठंसं!

पहिला कागद खाली गेला. बेताचे टाके घालावेत, बेताची पाठ विणावी, गळ्यापाशी नेहमीसारखं करावं. तो तसाच वर परत आला. धाकटीने विचारलं होतं, बेताचे म्हणजे किती, आणि नेहमीसारखं म्हणजे कोणाच्या नेहमीसारखं?

काकू भडकल्या. मग स्वतःच मोजायला बसल्या आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बोटांना सगळं येत होतं, काकूंना काहीच येत नव्हतं. जुनं स्वेटर मांडीवर घेऊन एका हाताने टाके मोजायचे, चष्मा घसरायचा, आकडा हुकायचा, पुन्हा पहिल्यापासून. आधी बोटभर लांबीचा चौकोन विणून त्यात किती टाके बसतात ते पाहावं, हे सगळ्यात वर लिहावं लागतं. तेही त्यांना कळलं कधी, तर धाकटीने विणलेली बाळाची पाठ उशीच्या अभ्र्याएवढी झाल्यावर. धाकटीचा हात सैल, काकूंचा घट्ट. स्वभावाचंही तेच होतं. हळूहळू कागदावरून 'बेताचं' गेलं, आकडे आले, जिना चढून येणारे प्रश्न कमी झाले. काकूंना वाटलं, आपण जिंकलो.

त्या भरात त्यांनी लिहून टाकलं की पुढची डावी बाजू झाली, आता दुसरी बाजू अगदी अशीच विणावी.

काही दिवसांनी धाकटी वर आली आणि तिने टेबलावर दोन्ही बाजू मांडल्या. दोन्ही डाव्या. दोन्हींचा गळा एकाच दिशेला उतरलेला, दोन्हींना काजं, बटणं लावायला जागाच नाही. काकू पाहतच राहिल्या.

"अगं, विणताना दिसलं नाही तुला?"

"दिसलं की," धाकटी शांतपणे म्हणाली. "पण ताई, या घरात आल्यापासून तुमच्या सांगण्यात मी माझं डोकं चालवलं की बोलणी खाल्ली आहेत. म्हटलं, लिहिलंय तसं विणावं."

काकूंना ते लागलं. फार लागलं. उत्तर जिभेवर होतं, पण समोर त्या दोन डाव्या बाजू पसरल्या होत्या. त्यांनी ती ओळ खोडली आणि उजव्या बाजूची एकेक ओळ नव्याने लिहायला घेतली. धाकटीने चहा केला. साखर कमी पडली होती, पण काकू बोलल्या नाहीत, आणि काकूंच्या मानाने हे खूपच झालं.

बाळ आलं तेव्हा स्वेटर तयार होतं. बघायला आलेली प्रत्येक बाई म्हणाली, शेवटी काकूंची वीण ती काकूंचीच. काकूंनी बाळ मांडीवर घेतलं. नजर सवयीने खोट शोधत बाहीच्या टोकाशी येऊन थांबली. मनगटाची पट्टी सैल होती, चांगली ऐसपैस.

"हे मी नव्हतं लिहिलं."

"नाही," धाकटी दारातूनच म्हणाली. "तुमचं स्वेटर काढलं की माझ्या पोरीच्या मनगटावर लाल वळ असायचे. घरातल्या सगळ्याच पोरांच्या असायचे, ताई."

काकूंनी प्लॅस्टरमध्ये आवळलेल्या आपल्या मनगटाकडे पाहिलं. त्याचं गाऱ्हाणं त्यांनी अख्ख्या घराला दिवसातून दहादा ऐकवलं होतं. बाळांना ते ऐकवता आलं नव्हतं.

"तो कागद आण," त्या म्हणाल्या. "आणि पेनही तूच धर. मनगटाचं तू लिही."