मुलगा येईपर्यंत

माझ्या उजव्या डोळ्याचं बुबुळ माझं नाही. हे सांगितलं की लोक आधी ‘अय्या!’ म्हणतात आणि मग टक लावून बघत बसतात, जणू मी ते त्यांना दाखवायलाच बसवून घेतलंय.

अकरावीत असताना माझ्या चष्म्याचा नंबर सारखा बदलायला लागला. आम्ही खडकीच्या क्वार्टर्समध्ये राहायचो, बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. घरोघरी केबल नुकती आली होती, त्यामुळे पोरांना काहीही झालं तरी खापर तिच्यावर फुटायचं. शेजारणींनी निदान करून टाकलं, पोरगी टीव्ही फार बघते. डॉक्टर मात्र म्हणाले की बुबुळ पातळ होतंय आणि पुढे टोकदार होत चाललंय. आजाराचं नाव केरॅटोकोनस. आईला ते कधीच म्हणता आलं नाही. ती ‘कोनाचा आजार’ म्हणायची.

कडक लेन्स घालून कॉलेज काढलं. पुढे उजव्या डोळ्यात लेन्सही टिकेना, तेव्हा बुबुळ बदलायचं ठरलं. कुणीतरी गेलं, त्याच्या घरच्यांनी डोळे दिले, आणि मला बोलावणं आलं. कोण ते आम्हाला सांगत नाहीत. सिनेमात पट्टी सुटली की लख्ख दिसतं, तसं काही होत नाही. टाकेच वर्षभर होते. ते निघाल्यावर नव्या चष्म्यातून स्वारगेटला मी लांबून येणाऱ्या बसची पाटी वाचली, आणि बाबा भर स्टँडवर हमसून हमसून रडले. तिथेच म्हणाले, “मी गेलो की माझे डोळे द्यायचे. कुणाच्या तरी लेकीला होतील.”

त्यानंतर लग्न असो, बारसं असो, बाबांचं हेच पालुपद. थोरले काका म्हणायचे, “अरे, लोकांना जेवू तरी दे!” काका म्हणजे बाबांचे सख्खे मोठे भाऊ. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली त्यानंतर घरात शिकून साहेब झालेला हा पहिला माणूस. त्यांचा शब्द कुणी खाली पडू द्यायचं नाही. जयंतीच्या सभेत ते दरवर्षी बोलायचे, देव सोडले, अंगारे-धुपारे सोडले, आता बुद्धीने चाला. टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. मीही हात दुखेपर्यंत वाजवल्यात.

त्या बुबुळावर मी वीसेक वर्षं काढली. हिंजवडीत नोकरी केली, दिवसभर स्क्रीनसमोर बसून दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रामातल्या चुका शोधल्या. दोनदा शरीराने ते बुबुळ नाकारायचा प्रयत्न केला. डोळा लालभडक, उजेड सोसवेना. दोन्ही वेळा धावत दवाखाना गाठला आणि थेंबांवर निभावलं. पण बसवलेल्या बुबुळालाही वय असतं. ते सुरुवातीला सांगतात, पण आपण ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो. आता ते धूसर व्हायला लागलंय. सकाळी उठलं की न्हाणीघरातल्या वाफ धरलेल्या आरशात बघितल्यासारखं दिसतं, दुपारपर्यंत जरा निवळतं. दुसरं बसवावं लागेल म्हणाले. यादीत नाव घातलंय. वाट बघा.

माझ्याच टीममधल्या एका मुलीला हाच आजार निघाला. तिच्या डोळ्यात थेंब घातले, वर निळसर प्रकाश धरला आणि आजार आहे तिथे थांबवला. थोड्याच दिवसांत बाई कामावर हजर, कँटीनमध्ये खिदळतेय. माझ्या वेळी इथे तसलं काही नव्हतं. तिचं भलं होवो. पण खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट झाला.

आणि अशात बाबा गेले. निवृत्तीनंतर ते आणि आई येरवड्याला फ्लॅटमध्ये राहत होते. हृदय थकलंय, दिवस भरत आलेत असं डॉक्टरांनी सांगितल्यावर कॅलिफोर्नियातला माझा धाकटा भाऊ मिळेल त्या विमानात बसला. तो आकाशात असतानाच सकाळी बाबा गेले. त्याचा फोन बंद.

मी आधी पंखा बंद केला. पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवला, डोक्याखाली उशी सरकवली आणि नेत्रपेढीला फोन लावला. सहा तासांच्या आत काढावे लागतात, डोळे वाळून चालत नाही. मग रडायला बसले, तर शेजारीण आली आणि “अगं बाई, किती उकडतंय” म्हणत पंखा लावला. मी बंद केला. आत्याने लावला. मी पुन्हा बंद केला. बापाच्या उशाशी बसून मी पंख्याच्या बटणाशी भांडत होते.

काका आले आणि सगळा कारभार त्यांच्या हातात गेला. पहिलं फर्मान सुटलं, बर्फाची पेटी मागवा. अर्ध्या पुण्याची हीच रीत झालीये आता, पोरं अमेरिकेत आणि आईबाप बर्फात. दुसरं फर्मान, मुलगा आल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही.

नेत्रपेढीची माणसं वेळेवर आली. अर्ध्या तासाचं काम, चेहरा जराही बिघडत नाही, असं त्यांनी काकांना शांतपणे समजावलं.

“आपण आलात, आभारी आहोत,” काका म्हणाले. “पण पोरगा सातासमुद्रापलीकडून येतोय. त्याला बापाचं तोंड जसंच्या तसं दिसलं पाहिजे.”

“अहो काका, बाबा जन्मभर हेच एक मागत होते! जयंतीला काय सांगता तुम्ही लोकांना?”

“ते सभेत. हे घर आहे. आणि तू आता सासरची.”

सही आईची लागणार होती. मी तिच्यासमोर गुडघे टेकून बसले, तिचे हात धरले. तिने डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, “भावजी म्हणतील तसं.” एवढा संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो कुणावर काढायचा तर त्या पदरावर? ती माणसं दाराशी थोडा वेळ थांबली, मग नमस्कार करून निघून गेली. पेटीत ठेवताना बाबांच्या पापण्यांवरचा कापूस कुणीतरी काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ आला. माझा उजवा डोळा नेहमीसारखा धुरकट होता, त्याचा चेहरा मला नीट दिसला नाही. गर्दी बाजूला झाली. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला पेटीपाशी नेलं आणि म्हणाले, “बघ बाळा, अगदी जसेच्या तसे ठेवलेत.”

तो काचेवर ओणवा झाला, बराच वेळ रडला. मग मान वर करून त्याने मला शोधलं.

“ताई, डोळे दिले ना? विमानात तेवढाच एक धीर होता मला. म्हटलं, ताई तिथे आहे, ती दिल्याशिवाय राहायची नाही.”

काकांचा हात त्याच्या खांद्यावरून खाली आला.

“नाही दिले,” मी म्हटलं. “तुझ्यासाठी ठेवलेत. बघून घे.”