आजीपर्यंतची वाट

गाठ काढणं सोपं, गाठीपर्यंत पोहोचणं अवघड, असं आमचे डॉक्टर ओपारे म्हणतात, आणि दर सोमवारी म्हणतात. तामालेच्या इस्पितळात त्यांच्या टेबलाशी मी अकरा वर्षं भूल देतोय, मला ते पाठ आहे. सिस्टर अझारातूलाही पाठ आहे, पण ती मान डोलवत नाही. ती मुकाट्यानं अवजारं मांडते.

सहा वर्षांच्या वुम्पिनीची गाठ गालाच्या आत, वरच्या जबड्यामागे होती. पसरणारी नव्हती, पण डोळा वर ढकलू लागली होती. नाकाच्या कडेनं गाल उघडला असता तर वाट सरळ, पण पोरीच्या तोंडावर जन्माचा वण. म्हणून डॉक्टर वरच्या ओठाच्या आतून शिरले आणि गाल उचलून त्यांनी गाठ काढली. साडेचार तास लागले. बाहेर एक ओरखडा नाही. डॉक्टर स्वतःवर इतके खूश होते की त्यांनी मलाही शाबासकी दिली.

तिसऱ्या दिवशी पोरीच्या आजीनं तो गाल बोटांनी चाचपला.

"काप कुठाय?"

"ओठाच्या आत, आजी," अझारातू म्हणाली. "गाठ दाखवली ना तुला वाटीत?"

"बकऱ्याची असेल. गालात शिरलेलं दुखणं गालातूनच बाहेर पडतं. शुक्रवारी घरी नेते, वान्झाम बघून घेईल."

वान्झाम म्हणजे आमचा वस्तरेवाला. सुंता, गालावरच्या खुणा, दुखणं बाहेर काढायचे काप, सगळं एकाच वस्तऱ्यानं. गाठीपर्यंत जायला त्या गालामागचं हाड आम्ही नुकतंच काढलेलं. बाहेरून वस्तरा लागला असता तर गालाला आरपार भोक पडलं असतं. डॉक्टरांनी कागदावर जबडा काढून पाऊण तास समजावलं. आजी प्रत्येक वाक्याला 'हो' म्हणाली. पालथ्या घड्यावर पाणी! डॉक्टर मात्र समाधानानं चहाला गेले.

शुक्रवारी सकाळी अझारातूनं त्या कोऱ्या गालावर तळहाताएवढी पट्टी चिकटवली आणि वर जांभळ्या औषधाचा ठिपका सोडला.

"आजी, वान्झामचं कामही आमच्या डॉक्टरनंच उरकलंय. एकानं कापलेल्या जागी दुसरा वान्झाम हात घालतो का गं?"

"छे! डोकी फुटतील."

"मग झालं तर. दर शुक्रवारी ये. ही पट्टी फक्त मी सोडणार."

डॉक्टर भडकले. "ही शुद्ध फसवणूक आहे, सिस्टर!"

"गाठीपर्यंत तुम्ही ओठाखालून गेलात. आजीपर्यंत जायला मला गालावरूनच वाट होती."

डॉक्टरांनी मग या शस्त्रक्रियेवर लेख लिहिला. त्यात ओठाखालची वाट आहे, टाके आहेत, 'नातेवाईक समाधानी' असंही आहे. पट्टी नाही.

आजीनं एकही शुक्रवार चुकवला नाही. सहाव्या शुक्रवारी पट्टी कायमची सुटली. गाल गुळगुळीत. आजी त्यावरून अंगठा फिरवत राहिली, मग तिची नजर अझारातूच्या डाव्या गालावर गेली. तिथे डोळ्याखालून जबड्यापर्यंत जाड, आखडलेला वण आहे. आम्ही रोज बघतो, म्हणून कोणी बघत नाही.

"तुझा वान्झाम अडाणी होता गं, पोरी."

अझारातूनं वुम्पिनीचा ओठ उचलून हिरडी नीट तपासली. मग म्हणाली, "वान्झाम चांगलाच होता, आजी. त्याच्याआधी पट्टी लावणारं कोणी नव्हतं."