वाटीतला पासवर्ड

लालबागच्या आमच्या चाळीत दिवसा दार लावलं की घरात कोण आजारी आहे, अशी विचारपूस होते. अशा मजल्यावर मी वायफायला कुलूप घालायला निघाले होते.

कारणही तसंच होतं. घरून करायच्या नोकरीची मुलाखत होती, व्हिडिओवर. ती नोकरी मला हवीच होती. आदल्या दुपारी सरावाला बसले तर चित्र सारखं अडकत होतं. राउटरची यादी उघडली. सतरा उपकरणं! त्यातली आमची तीन. एक तर चक्क टीव्ही, आणि आमच्या टीव्हीला इंटरनेट जोडताच येत नाही.

आईला विचारलं. ती म्हणाली, शेजारची वाटी रिकामी परत करायची नसते, आणि एकदा वाटी परत करायच्या दिवशी घरात साखरसुद्धा नव्हती. म्हणून तिने वाटीत पासवर्डची चिठ्ठी घातली.

"आणि बाकीचे?"

"त्यांच्योपण वाट्यो होत्यो."

मी तडक पासवर्ड बदलला, चांगला लांबलचक. मोबाइलवर मालिका बघता याव्यात म्हणून तो फक्त आईला लिहून दिला. माझंच चुकलं.

दुसऱ्या दिवशी चित्र स्वच्छ. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "आमची कागदपत्रं तुमच्या घरच्या नेटवर असतील. ते सुरक्षित आहे ना?"

"पूर्णपणे," मी म्हणाले, आणि शेजारच्या काकू खिरीची वाटी घेऊन थेट माझ्या मागे उभ्या राहिल्या. नेट गेलं का, हे विचारायला आल्या होत्या. आईने खीर काढून घेतली, वाटी विसळली आणि नवा पासवर्ड मोठ्याने वाचून दाखवला. काकूंकडे चष्मा नव्हता, म्हणून एकेक अक्षर, दोनदा.

गेली नोकरी, असं वाटलं आणि मला हसूच फुटलं, थांबेचना. बाईंनी कारण विचारलं. मी वाटीची सगळी गोष्ट सांगितली आणि त्यांच्यासमोरच राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढलं. त्याला नाव दिलं 'वाटी'. आमच्या नेटवर्कचा पासवर्ड पुन्हा बदलला आणि त्यात तुटलेला कॉल परत जोडला. आता त्याही हसत होत्या.

नोकरी लागली. त्या संध्याकाळी मी नवा पासवर्ड आईला सांगायला गेले, तर तिने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"माका सांगू नको गो. कोणी इचारलां तर नाय म्हणूक माका जमाचा नाय."

तिचा मोबाइल मी 'वाटी'वर जोडून दिला.